जिंतूरची अकरावी-बारावी : आधी ओझं उतरवा, मग वेळापत्रक मांडा

दहावीला टक्के चांगले पडले की पुढचा निर्णय बहुतेक घरांत फारसा विचार न करताच होऊन जातो. सायन्स घ्यायचं, आणि तेही पीसीएमबी, म्हणजे मॅथ्सही आणि बायोलॉजीही. "राहू दे दोन्ही, पुढचं पुढे बघू," असं वडील म्हणतात, मामा म्हणतो, शेजारचे गुरुजीही म्हणतात. त्यामागे माया असते. पोरापुढची एकही वाट बंद होऊ नये एवढंच त्यांना हवं असतं. पण जिंतूर तालुक्यातल्या ज्या मुलाला सकाळी एसटी धरून कॉलेजला यायचं आहे, दुपारी परत जायचं आहे आणि सोयाबीन काढणीला आईबापाच्या हाताखालीही उभं राहायचं आहे, त्याच्यासाठी हे "राहू दे" फार महाग पडतं. अभ्यासाचं वेळापत्रक कसं करायचं हे सांगणारे खूप भेटतील. माझं म्हणणं असं की वेळापत्रकाला हात लावण्याआधी ओझं किती उचलायचं ते ठरवा.

बारावीच्या पुस्तकांचा हिशेब करून बघा. बालभारतीच्या बारावीच्या फिजिक्समध्ये 16 प्रकरणं आहेत, केमिस्ट्रीत 16, बायोलॉजीत 15, आणि मॅथ्सच्या दोन भागांत मिळून 15. एकूण 62. आता वेळ मोजा. जूनच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत साधारण 28 आठवडे मिळतात. त्यातून दिवाळी, सहामाही परीक्षा, काढणीचे दिवस, लग्नकार्य आणि एखादा तापाचा आठवडा वजा करा. हातात 23 आठवडे उरले तर नशीब समजा. म्हणजे 62 प्रकरणांसाठी आठवड्याला जवळपास तीन प्रकरणं, तीही इंग्रजीतून, गणितांसकट, आणि मराठी-इंग्रजी हे दोन विषय बाजूला ठेवून. मॅथ्स किंवा बायोलॉजी यातलं एक सोडलं तर प्रकरणं उरतात 47, म्हणजे आठवड्याला दोन. आठवड्याला दोन प्रकरणं गावाकडून अपडाऊन करणाऱ्या मुलाला झेपतात. तीन झेपत नाहीत. झेपली असं वाटतं, तेव्हा ती नुसती वाचलेली असतात.

एक विषय सोडला तर कोणती दारं बंद होतात, हे नीट समजून घ्या, कारण भीती बरीचशी चुकीच्या माहितीतून येते. मॅथ्स सोडलं की इंजिनिअरिंगची नेहमीची वाट बंद होते. बायोलॉजी सोडलं की एमबीबीएस, बीएएमएस, बी.एस्सी. नर्सिंग या वाटा बंद होतात. पण बी. फार्मसीला मॅथ्सचा किंवा बायोलॉजीचा, कोणताही एक ग्रुप चालतो. बी.एस्सी. ॲग्रीलाही यातला कोणताही एक चालतो, आणि त्यासाठीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ तर आपल्या परभणीतच आहे, 1972 पासून. म्हणजे शेतीत पुढे काहीतरी करायचंय म्हणून दोन्ही ग्रुप ठेवणाऱ्या मुलाने एक विषय विनाकारण डोक्यावर घेतलेला असतो. सोडलेल्या विषयाच्या जागी काय घेता येईल ते कॉलेजवर अवलंबून आहे. कुठे भूगोल असतो, कुठे द्विलक्षी अभ्यासक्रमातलं क्रॉप सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स. द्विलक्षी विषय 200 गुणांचा असतो आणि तो दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय अशा दोघांची जागा घेतो. प्रात्यक्षिकाचे गुण भरपूर असल्याने घरी शेती असलेल्या मुलाला क्रॉप सायन्स परकं वाटत नाही. आपल्या कॉलेजात हे विषय आहेत का आणि विषयबदल कधीपर्यंत करता येतो, हे ऑफिसात जाऊन विचारा. अकरावी सुरू होताना ही सोय असते. बारावीचा फॉर्म भरताना नसते.

ज्याला खरोखरच दोन्ही ग्रुप हवेत आणि दहावीला विज्ञान-गणित मनापासून आवडलं होतं, त्याने जरूर ठेवावेत. अशी मुलं असतात. मात्र निर्णय मुलाचा असावा, आणि कागदावर मांडून घेतलेला असावा.

आता अकरावीबद्दल. अकरावीची परीक्षा कॉलेजच घेतं, पेपर तिथेच तपासले जातात, पास व्हायला फार त्रास होत नाही. म्हणून अख्खं वर्ष दहावीच्या थकव्यावर आराम म्हणून जातं. तिथेच बारावीचं ओझं दुप्पट होतं. इंजिनिअरिंग-फार्मसीच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत 20 टक्के प्रश्न अकरावीचे असतात, आणि मेडिकलच्या नीटमध्ये अकरावीचा वाटा त्याहून कितीतरी मोठा. पण मार्कांपेक्षा मोठं कारण वेगळं आहे. अकरावीची काही प्रकरणं ही बारावीचा पाया आहेत. फिजिक्समधलं दुसरं प्रकरण, ज्यात सदिश आणि डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशनची ओळख आहे, केमिस्ट्रीतला मोलचा हिशेब, ऑरगॅनिक केमिस्ट्रीची मूलतत्त्वं सांगणारं प्रकरण, मॅथ्समधली ट्रिग्नॉमेट्री. एवढं अकरावीत पक्कं झालं तर बाकीच्या प्रकरणांत थोडं मागे राहिलात तरी चालेल. हे कच्चं राहिलं तर बारावीच्या पहिल्याच प्रकरणात, वर्तुळाकार गतीत, गाडी अडते आणि मुलाला वाटतं आपल्यालाच फिजिक्स जमत नाही.

दुसरी अडचण भाषेची, आणि तिच्याबद्दल कॉलेजात कुणी फारसं बोलत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात किंवा सेमी इंग्रजीत शिकलेलं पोर अकरावीत एकदम जाडजूड इंग्रजी पुस्तकांसमोर बसतं. पहिले तीन-चार महिने विषय कठीण नसतो, वाक्य कठीण असतं. यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. अकरावीचे पहिले तीन महिने रोज पुस्तकाचं एक पान मोठ्याने वाचा, आणि प्रत्येक परिच्छेदाखाली त्यात काय सांगितलं आहे ते पेन्सिलीने एका ओळीत मराठीत लिहा. शब्दाला शब्द लिहू नका. लहान बहिणीला सांगाल तसं लिहा. उत्तर मात्र इंग्रजीतच लिहायची सवय ठेवा, कारण वर्गात, नोट्समध्ये आणि सरावाच्या पेपरांत तुमच्यासमोर तेच येणार आहे. दिवाळीपर्यंत पेन्सिलीच्या ओळी आपोआप कमी होतात. प्रवेश परीक्षांत माध्यम निवडायची मुभा आहे हेही माहीत असू द्या. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते आणि तिच्यावर इंग्रजीही छापलेलं असतं. एमएचटी-सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीला मराठीचा पर्याय असतो, मॅथ्सचा पेपर मात्र इंग्रजीतच. तरीही अकरावीपासून इंग्रजी पुस्तकातून शिकलात तर परीक्षेत इंग्रजीच सोपं जाईल, कारण मराठी पारिभाषिक शब्द तोवर सरावातून गेलेले असतात.

जिंतूरला रेल्वे नाही. बोरी, चारठाणा, येलदरी अशा गावांतून येणाऱ्या मुलांचं सगळं गणित एसटीवर. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे आणि मुलांना मोठी सवलत आहे, ही मोठीच सोय. पण पासाने पैसा वाचतो, वेळ वाचत नाही. दिवसाचा दीड-दोन तास गाडीत आणि स्टँडवर जातो. तिथे अभ्यास करा असं सगळे सांगतात, कसा ते कुणी सांगत नाही. गर्दीच्या गाडीत फिजिक्सची गणितं होणार नाहीत, त्याचा प्रयत्नच सोडा. गाडीत तोंडी होईल तेवढंच घ्या. आदल्या रात्री एका कागदाच्या पट्टीवर दहा प्रश्न लिहा : दोन व्याख्या, तीन सूत्रं, ऑरगॅनिकच्या दोन अभिक्रिया, बायोलॉजीतल्या आकृतीचे भाग, मराठीतल्या एखाद्या अलंकाराचं लक्षण. पट्टीच्या मागे उत्तरं. ती पट्टी खिशात असली की उभ्याउभ्याही काम होतं. सोबत त्याच वर्गातला मित्र-मैत्रीण असेल तर एकमेकांना विचारा. परतीचा प्रवास मात्र मोकळा सोडा. कॉलेज करून थकलेल्या डोक्याला अर्धा तास खिडकीबाहेर बघू देणंही गरजेचं आहे.

कॉलेज सुटल्यापासून शेवटच्या गाडीपर्यंत कधीकधी दोन तास मधे असतात. स्टँडवर किंवा चौकात ते सहज जातात. त्या दोन तासांना एक ठरलेली जागा द्या : कॉलेजचं ग्रंथालय, गावातली एखादी अभ्यासिका, नाहीतर रिकामा वर्ग. गणितं, डेरिव्हेशन, लिहून काढायची उत्तरं, म्हणजे ज्याला टेबल आणि शांतता लागते ते सगळं इथेच उरका. घरी गेल्यावर लाईट असेल की नाही याची खात्री नाही, पाहुणे येतात, धाकटी भावंडं असतात. घरच्या अभ्यासाला फक्त वाचन आणि उजळणी ठेवा. मग एखाद्या रात्री लाईट गेली तरी दिवस वाया गेल्यासारखा वाटणार नाही.

अभ्यास कसा करायचा, याबद्दल एकच पद्धत सांगतो आणि ती जवळून दाखवतो, कारण तिच्याइतका वेळ दुसरं काहीच वाचवत नाही. समजा झुकवलेल्या रस्त्यावरून वळणाऱ्या गाडीच्या कमाल वेगाचं डेरिव्हेशन आहे. बहुतेक मुलं ते पाच वेळा वाचतात, पिवळ्या पेनाने रंगवतात आणि आलं म्हणतात. तुम्ही ते दोनदा समजून वाचा आणि पुस्तक बंद करा. कोऱ्या कागदावर उताराचा कोन काढा, गाडी काढा, वजनाचा बाण खाली, रस्त्याच्या प्रतिक्रियेचा बाण पृष्ठभागाला काटकोनात, घर्षणाचा बाण उताराच्या दिशेने. आता बलांचे घटक पाडून समीकरणं लिहा. जिथे अडाल तिथे लाल पेनाने फुली मारा आणि तेवढ्याचसाठी पुस्तक उघडा. घर्षणाची दिशा चुकली? की कोसाइनच्या जागी साइन लिहिलं? ती चूक दिसली की ती बराच काळ लक्षात राहते. तीन दिवसांनी पुन्हा कोऱ्या कागदावर. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हेच तपासून पाहिलं. एक उतारा काहींनी चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचं नाव ज्या "लातूर पॅटर्न"मुळे महाराष्ट्रभर झालं, त्याच्याही मुळाशी सतत लिहून घेतलेले सराव पेपर होते. त्यासाठी लातूरला जावंच लागतं असं नाही. कोरा कागद आणि घड्याळ जिंतुरातही मिळतं.

लातूरचा विषय निघालाच आहे तर क्लासबद्दलही स्पष्ट सांगतो. जिंतूरहून रोज परभणीला क्लाससाठी जाऊन-येऊन करायचं तर प्रवासातच दिवसाला अडीच तास धरा, म्हणजे सहा दिवसांचे पंधरा तास. तेवढ्या वेळात एक विषय घरी बसून होतो. एखाद्या विषयात खरोखर अडत असेल तर त्या एकाच विषयाची शिकवणी जिंतुरातच लावा. नांदेड-लातूरला राहून शिकायचं असेल तर तो निर्णय अकरावीच्या सुरुवातीला, खर्चाचा पूर्ण आकडा बापाच्या समोर ठेवून घ्या. खोली, मेस आणि फी मिळून. मधेच, बारावीच्या ऑगस्टमध्ये घाबरून केलेली धावपळ पैसाही घालवते आणि घडीही मोडते. आणि कॉलेजात नाव, क्लासला हजेरी अशी व्यवस्था करणार असाल तर लक्षात ठेवा की बोर्डाला 75 टक्के उपस्थिती लागते आणि सायन्सच्या तीन विषयांत प्रत्येकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. प्रयोगशाळेत वर्षभर हात न लावलेल्या मुलाला जानेवारीत ते कुणी शिकवत नाही.

शेतीचं कॅलेंडर आणि अभ्यासाचं कॅलेंडर यांचं भांडण होणारच. सोयाबीनची काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, नेमकी सहामाहीच्या तोंडावर. मग कापसाची वेचणी, आणि डिसेंबर-जानेवारीत तूर. घरचं काम टाळून अभ्यास करा, असं मी सांगणार नाही. अनेक घरांत तेवढे हात मिळतच नाहीत. पण काम अचानक यायला नको. वर्षाच्या सुरुवातीलाच आईवडिलांसोबत बसून ठरवा की काढणीचे आठ-दहा दिवस मी पूर्ण देईन, वेचणीला फक्त रविवारी येईन, आणि बारावीला असेन तर पहिल्या जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत शेतात येणार नाही. दिलेल्या दिवसांची भरपाई आधीच्या आठवड्यांत करून ठेवता येते. पालकांना विनंती आहे की हा शब्द त्यांनीही पाळावा. विशेषतः मुलींच्या बाबतीत, कारण शेतात नसली तरी स्वयंपाक, पाणी, धाकट्यांचं बघणं हे सगळं तिच्याकडेच येतं आणि ते काम म्हणून मोजलंच जात नाही. बारावीच्या मुलीच्या संध्याकाळचे दोन तास घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उचलायला हवेत. भावाने उचलले तर उत्तम.

मराठी आणि इंग्रजीला सायन्सची मुलं फेब्रुवारीत हात लावतात. 600 पैकी 200 गुण तिथे आहेत, म्हणजे तिसरा हिस्सा. आठवड्यातून एक रविवार सकाळ पुरे. मराठीत मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख या उपयोजित लेखनाचा साचा एकदा हाताला बसला की गुण सहसा जात नाहीत. येलदरी धरणाच्या सहलीचा अहवाल लिहा, नेमगिरीच्या जैन लेण्यांचं माहितीपत्रक तयार करा. आपल्या परिसरावर लिहिताना शब्द शोधावे लागत नाहीत. इंग्रजीच्या शेवटच्या विभागात कादंबऱ्यांचे उतारे आहेत. त्यांची पात्रं, प्रसंग आणि कथानक एका-एका पानावर उतरवून ठेवा.

बोर्ड आणि प्रवेश परीक्षा यांत शक्ती कशी वाटायची, हे तुमची वाट ठरवते. नीट देणाऱ्याला बारावीत फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी मिळून खुल्या वर्गात 50 टक्के आणि राखीव वर्गात 40 टक्के लागतात. त्यापुढचे बोर्डाचे गुण एमबीबीएसच्या यादीत धरले जात नाहीत. जेईईतून एनआयटीला जायचं तर बारावीला 75 टक्के, राखीव प्रवर्गांतील अनुसूचित जाती-जमातींना 65, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असणं आवश्यक. राज्यातल्या इंजिनिअरिंगला सीईटीचा निकाल मोठा. ज्याला या कशातच जायचं नाही आणि बी.एस्सी. करून स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत, त्याने नीटच्या ओझ्याखाली दोन वर्षं घालवू नयेत. बोर्ड मन लावून करावं. तीन-तीन प्रवेश परीक्षांचे फॉर्म भरणारं मूल एकाही परीक्षेचं राहत नाही. फार तर दोन ठेवा.

बोर्डाच्या पेपरची रचना माहीत असणं हीसुद्धा वेळेची बचत आहे. फिजिक्सचा पेपर 70 गुणांचा. त्यात 10 बहुपर्यायी आणि 8 एका गुणाचे प्रश्न सक्तीचे. मग दोन गुणांचे 12 पैकी 8, तीन गुणांचे 12 पैकी 8, चार गुणांचे 5 पैकी 3. पर्याय इतके आहेत की एखादं फार छळणारं प्रकरण बाजूला ठेवूनही चांगले गुण मिळतात. पण एका गुणाचे प्रश्न सगळ्या प्रकरणांतून येतात, म्हणून सोडलेल्या प्रकरणाच्याही व्याख्या आणि सूत्रं पाठ असू द्या.

जानेवारी-फेब्रुवारी सर्वांत अवघड. जेईईचं पहिलं सत्र, पूर्वपरीक्षा, प्रात्यक्षिकं आणि लगेच लेखी परीक्षा असं सगळं पाच-सहा आठवड्यांत येतं. या काळात नवीन काही शिकायला घेऊ नका. प्रात्यक्षिकाच्या वह्या डिसेंबरातच सही करून घ्या. जानेवारीत रात्र-रात्र जागून वह्या उतरवणारी मुलं दरवर्षी दिसतात आणि त्यांच्याकडे बघवत नाही. झोप कापून मिळालेला तास दुसऱ्या दिवशी दोन तास खातो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना झोपेचे तज्ज्ञ आठ ते दहा तास सांगतात. गाडी पकडायची असेल तर रात्री दहाला पुस्तक मिटा आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत, आईच्या उशाशी ठेवा.

आणि जेवण जात नसेल, पुस्तक उघडलं की छातीत धडधडत असेल, रडू येत असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर ते लपवू नका. घरातल्या एका माणसाला सांगा, वर्गशिक्षकांना सांगा. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. पालकांनीही एवढं ध्यानात ठेवावं की एखाद्या विषयात राहिलं तर बोर्ड त्याच वर्षी पुरवणी परीक्षा घेतं, आणि गुण कमी पडले तर श्रेणीसुधारची सोय आहे. ही माहिती मुलाला परीक्षेआधीच द्या. निकालाच्या दिवशी सांगितली तर ती सांत्वनासारखी वाटते. आधी सांगितली तर पेपर लिहिताना हात कमी थरथरतो.

अकरावीला नुकतंच नाव घातलं असेल तर याच आठवड्यात दोन कामं करा. कॉलेजच्या ऑफिसात विषयबदलाची शेवटची तारीख विचारा. आणि घरी, रात्री जेवणं झाल्यावर, जून ते मार्चचे महिने एका कागदावर लिहून त्यात पेरणी, काढणी, वेचणी, लग्नं, परीक्षा हे सगळं सगळ्यांसमोर भरा. कुठले आठवडे खरोखर तुमचे आहेत ते त्या कागदावर दिसेल. वेळापत्रक तेवढ्याच आठवड्यांचं करा.